पूर्ण अक्षरांची शिवराई

डोंबिवलीच्या एका नाणे-प्रदर्शनात गेल्या वर्षी मी एक शिवराई हातात घेतली. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’, दोन्ही बाजू पूर्ण. भाव ऐकला आणि ती परत ठेवली.

शिवराई मुळात दुर्मीळ नाही. ती पेशवाईतही पाडली जात होती. दुर्मीळ आहेत ती पूर्ण अक्षरे. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, त्यामुळे एखादे अक्षर बाहेर जातेच. आज पैसे मोजले जातात ते त्या अक्षराचे. त्यात १ ते ७० गुणांची अमेरिकी प्रतवारी आणि प्लास्टिकची सीलबंद डबी आली, की भाव आणखी चढतो.

माझी तक्रार भावाबद्दल नाही. सोन्याचा शिवकालीन होन महाग असणारच. पण ‘हे कुठे सापडले?’ असे विचारल्यावर विक्रेता नुसता हसला. ‘सिव’ असे कोरलेली, झिजलेली नाणीच टांकसाळींचा माग दाखवू शकतील, पण त्यासाठी गाव माहीत हवे. दहा रुपयांवरचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, असे १८७८चा निखात निधी कायदा सांगतो. त्या धास्तीनेच गावाचे नाव कोणी काढत नसावे.

माझ्याकडच्या पन्नास शिवराया कल्याणच्या एका तांबटाकडून मोडीच्या भावात आल्या. त्यांतल्या अकरांचेच गाव मला ठाऊक आहे.