पूल कोणासाठी? ॲलेक गिनेस यांच्या भूमिकांचा अभ्यास



मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. व्यावसायिक नीतिमत्ता या घटकासाठी 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) हा चित्रपट मी वर्गात दाखवतो. लाकडी पूल पूर्ण होतो तेव्हा मुले खूश होतात. तो पूल शत्रूसाठी बांधला आहे, हे त्यांना थोडे उशिरा आठवते. आपल्याला असे विसरायला लावतो तो ॲलेक गिनेस यांचा अभिनय.

१. परिचय

गिनेस यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये झाला. सुरुवातीला जाहिरात कंपनीत नोकरी, नंतर रंगभूमी आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात सेवा असा त्यांचा प्रवास झाला. डेव्हिड लीन यांच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मुळे (१९४६) ते पडद्यावर स्थिरावले. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये (१९४९) त्यांनी एकाच घराण्यातील आठ व्यक्ती रंगवल्या. त्यांत एक स्त्रीही होती. तुमच्यापैकी अनेकांना ते 'स्टार वॉर्स'मधील (१९७७) ओबी-वान केनोबी म्हणून माहीत असतील. ५ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.

२. पांढऱ्या सुटातील संशोधक

'द मॅन इन द व्हाइट सूट' (१९५१) या चित्रपटात गिनेस यांचा सिडनी स्ट्रॅटन कधीही न मळणारे, न झिजणारे कापड शोधून काढतो. गिरणीमालक आणि कामगार दोघेही त्याच्या विरोधात जातात, कारण असे कापड निघाले तर नवीन कापड घेणार कोण? कपडे धुऊन चार पैसे मिळवणारी त्याची वृद्ध घरमालकीण विचारते, मग माझ्या धुण्याचे काय? गिनेस इथे उत्तर देत नाहीत. क्षणभर त्यांचा चेहरा गोंधळतो. या माणसाने हा प्रश्न आजवर स्वतःला विचारलाच नव्हता, हे आपल्याला त्या चेहऱ्यावरून कळते.

३. कर्नल निकल्सन

'क्वाय'मध्ये हाच दोष अधिक गंभीर होतो. अधिकाऱ्यांनी अंगमेहनतीचे काम करणे नियमाविरुद्ध आहे, म्हणून युद्धकैदी निकल्सन जपानी छावणीप्रमुखाला नकार देतो आणि तापलेल्या पत्र्याच्या कोठडीत दिवस काढतो. तिथून बाहेर येतानाची त्याची लटपटती पण ताठ राहू पाहणारी चाल नीट पाहा. पोलिओतून सावरणाऱ्या आपल्या मुलाच्या चालीवरून गिनेस यांनी ती घेतली होती.

पुढे हाच ताठ माणूस पुलाच्या कामात रमतो. नदीच्या तळाशी चिखल असल्याने पुलाची जागा बदलली जाते, मोजमापे नव्याने होतात, रोजच्या कामाचे प्रमाण वाढवले जाते. अभियंता म्हणून यातले काहीही चुकीचे नाही. चूक एवढीच की पूल कोणासाठी, हा प्रश्न मागे पडतो. गिनेस निकल्सनला खलनायक करत नाहीत, मूर्खही करत नाहीत. तो आपल्या कामावर प्रेम करणारा सज्जन माणूस आहे, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

४. कलावंताची मर्यादा

आता हाच प्रश्न गिनेस यांना विचारू. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील (१९४८) त्यांच्या फेगिनचे मोठे नाक जुन्या चित्रांवरून घेतले होते. रंगभूषा कौशल्याची होती. पण ज्यूंच्या संहाराला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. बर्लिनमध्ये निदर्शने झाली आणि अमेरिकेत चित्रपट १९५१ मध्ये काटछाट करून दाखवला गेला.

'अ पॅसेज टू इंडिया'मध्ये (१९८४) त्यांनी प्राध्यापक गोडबोले साकारले. आडनाव अस्सल मराठी, नट इंग्लिश. व्हिक्टर बॅनर्जी, रोशन सेठ, सईद जाफरी हे भारतीय नट त्याच चित्रपटात असताना गोडबोलेंसाठी गोऱ्या चेहऱ्याला सावळा रंग लावावा लागला. शेजारी खरी माणसे असल्यामुळे त्यांचे वेषांतर इथे उघडे पडते. कोणाचेही रूप घेता येते, या विश्वासात ते रूप पाहणाऱ्यांना काय वाटेल, हे पाहायचे राहून गेले.

५. समारोप

कौशल्य ही मोठी गोष्ट आहे, पण ते स्वतःला प्रश्न विचारत नाही. तो माणसाला विचारावा लागतो. पडद्यावर हे गिनेस यांच्याइतके स्पष्ट फार थोड्यांनी दाखवले. दोन भूमिकांत ते स्वतःही चुकले, याची नोंद त्यांच्या मोठेपणासोबतच ठेवायला हवी.

स्वाध्याय

१. स्ट्रॅटन आणि निकल्सन यांच्यातील साम्य व भेद लिहा.
२. तुमच्या प्रकल्पाचा लाभ कोणाला होईल आणि तोटा कोणाला, हे पाच ओळींत मांडा.