दर्शक-प्रणालीतील वर्तुळ

कारखान्यात घडावयाच्या वस्तूची संगणकीय प्रतिकृती पडद्यावर फिरवून पाहण्याची सोय करणाऱ्या ज्या दर्शक-प्रणाली आज प्रचलित आहेत, त्यांचे परीक्षण बहुधा सोयीच्या अंगानेच केले जाते. फाइल किती लवकर उघडते, हजारो भागांची जुळणी किती सहज फिरते, मूळ आरेखन-प्रणालीच्या परवान्याचा खर्च किती वाचतो, एवढ्यावर विवेचन संपते. पडद्यावर जे दिसते त्याचे मूळ प्रतिकृतीशी नाते कोणते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या साधनांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. १९९४ साली प्रथम उड्डाण केलेल्या बोइंग ७७७ या विमानाचे आरेखन सर्वस्वी संगणकावर झाले. एक भाग दुसऱ्यात शिरत तर नाही ना, हे प्रत्यक्ष जुळणीपूर्वीच पडद्यावर पाहता आले. परंतु तेथे दर्शनाचे प्रयोजन अडथळे शोधण्याचे होते. अंतिम माप घेणे हे त्याहून निराळे कार्य होय.

मूळ प्रतिकृतीत दंडगोल हा दंडगोलच असतो. त्याचा अक्ष व त्रिज्या गणिती रूपात नोंदलेली असतात. हलक्या फाइलीत त्याचे सपाट त्रिकोणांच्या जाळ्यात रूपांतर होते. एसटीएलमध्ये तर त्रिकोणांवाचून दुसरी आकृतीच नाही. १०० मिमी व्यासाचे भोक, शिरोबिंदू वर्तुळावर ठेवून, ३६ बाजूंच्या बहुभुजाने दाखविले, तर समोरासमोरच्या बाजूंतील अंतर सुमारे ९९.६२ मिमी भरते. त्याच भोकाला एच७ हा नित्याचा टॉलरन्स असेल, तर एकूण मुभा अवघी ०.०३५ मिमी. म्हणजे चूक मुभेच्या दहापटींहून अधिक! आणि छायाप्रकाशाच्या संस्कारामुळे हा बहुभुज डोळ्यांना गुळगुळीत वर्तुळच वाटतो. चित्र जितके देखणे, तितका त्यावरून माप घेण्याचा मोह अधिक.

२०१२ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारल्या गेलेल्या जेटी या स्वरूपात त्रिकोणांसमवेत अचूक पृष्ठेही साठविता येतात, हे खरे. तथापि ती द्यावयाची की नाही, हे पाठविणारा ठरवितो. घेणाऱ्याला ते उमगेलच असे नाही. टॉलरन्सच्या टिपांचेही तसेच. काही फाइलींत त्या केवळ रेघांनी काढलेली अक्षरे असतात. माणूस त्या वाचतो, पण कोणत्या पृष्ठाला त्या लागू आहेत याचा यंत्राला पत्ता नसतो.

ही केवळ शास्त्रार्थाची बाब नव्हे. २००३ साली अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने वाय१४.४१ हे मानक काढले, आणि कागदी ड्रॉइंगऐवजी प्रतिकृतीलाच प्रमाण मानण्याची वाट मोकळी झाली. भोसरी-चाकणकडील एखाद्या लहान कारखानदाराच्या हाती हलकी फाइल आणि फुकट मिळालेली दर्शक-प्रणाली एवढेच आले, त्यावरून त्याने भोक कातले आणि तपासणीत माल नाकारला गेला, तर नुकसान लेथ चालविणाऱ्याच्या माथी बसते; फाइल हलकी करणाऱ्याचे नावही निघत नाही.

रूपांतर करतेवेळी वक्रापासून जास्तीत जास्त किती विचलन चालेल, हा आकडा प्रणालीला द्यावाच लागतो. तो अज्ञात नसतो. वाटेत गाळला जातो. माप दाखविणाऱ्या प्रत्येक चौकटीत मापाशेजारीच तो छापावा, आणि माप त्रिकोणांवरून घेतले की अचूक पृष्ठावरून, हेही तेथेच नमूद व्हावे. प्रणालीकर्त्यांना यात तांत्रिक अडचण अशी कोणतीही नाही.