‘बॉस ठरू द्या’ म्हणणाऱ्यांना

बजरीगर (आपल्याकडे दुकानात यांनाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात!) एकमेकांना चोची मारायला लागले की बहुतेक व्हिडिओंत एकच सल्ला मिळतो: भांडू द्या, बॉस ठरला की शांत होतील. मला तो पटत नाही.

‘पेकिंग ऑर्डर’ ही कल्पना नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बेने १९२२ मध्ये मांडली, पण कोंबड्या बघून. बजरीगर ऑस्ट्रेलियात थव्याने भटकतात. हरलेला तिथून उडून जातो. पिंजऱ्यात जाणार कुठे? शिवाय भांडण बरेचदा घरट्याच्या खोक्यावरून असतं आणि त्यात माद्या जास्त आक्रमक असतात. मग आधी खोका काढा ना! दाण्याच्या वाट्या वाढवा. तरी थांबलं नाही, तर पिंजरे वेगळे करा.

‘चोचीचं टोकच कापा’ हा सल्ला तर याहून वाईट. चोच म्हणजे निव्वळ नख नव्हे. वर केराटिन, आत हाड, रक्तवाहिन्या, नसा. कोंबड्यांच्या कापलेल्या चोचीत नसांच्या गाठी होतात आणि त्या नसा भलतेच संदेश पाठवत राहतात, हे ब्रीवर्ड आणि जेंटल यांनी १९८५ मध्येच दाखवलं. इथे मात्र कोंबडीचा दाखला चालतो, कारण प्रश्न स्वभावाचा नाही, रचनेचा आहे.

चोच फुटलीच, तर रक्त येतंय तिथे कॉर्नफ्लॉवर हलकेच दाबून धरा, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. टोक पुन्हा वाढतं. मुळापासून तुटलेली चोच सहसा वाढत नाही.