पलायनाचें शास्त्र आणि मागें बसणारा माणूस

कांहीं पुस्तकें थट्टेनें लिहिलेलीं असतात, पण वाचतां वाचतां वाचक गंभीर होतो. मॅक्स ब्रूक्स ह्या अमेरिकन लेखकाचें 'द झॉम्बी सर्व्हायव्हल गाइड' (२००३) हें त्यांपैकींच एक. झॉम्बी म्हणजे मेल्यावर पुन्हां उठून जिवंत माणसाच्या मांसासाठीं हिंडणारें प्रेत. (आनंद यादवांच्या 'झोंबी'शीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हें मराठी वाचकास आधींच सांगितलेलें बरें.) अशा प्रेतांनीं देश व्यापला तर घर कसें राखावें, शस्त्र कोणतें घ्यावें आणि कशांत बसून पळावें, हें सारें ग्रंथकर्त्यानें लष्करी नियमावलीच्या कोरड्या भाषेंत सांगितलें आहे. अखेरीस जोडलेला झॉम्बींचा बनावट इतिहास फार लांबला आहे. तो गाळला असता तरी चाललें असतें.

वाहनांचें विवेचन मात्र उत्कृष्ट उतरलें आहे. संकट आलें कीं मनुष्य प्रथम मोटारीकडे धांवतो. ग्रंथकर्ता त्याला तेथेंच अडवितो. सारें शहर एकाच वेळीं निघाल्यावर रस्ते तुंबणार, पेट्रोल संपणार आणि इंजिनाच्या आवाजानें प्रेतें गोळा होणार. सायकल आवाज करीत नाहीं, तिला इंधन लागत नाहीं, मोडली तर स्वतः दुरुस्त करतां येते व वाट खुंटली तर उचलून नेतां येते. ह्यांतलीं प्रेतें काल्पनिक असलीं तरी तुंबलेला रस्ता काल्पनिक नाहीं. २००५ सालीं 'रीटा' वादळाच्या धास्तीनें ह्यूस्टन व आसपासचे लाखों लोक मोटारींनीं निघाले, महामार्गावर तासन्‌तास अडकून पडले, आणि त्या पळापळींतच अनेकांचे प्राण गेले.

पण सायकलीवर बसणार कोण? आमचा वाद येथें आहे. ग्रंथकर्त्याच्या डोळ्यांपुढें धडधाकट आणि बहुधा एकटा मनुष्य आहे. त्याच्या हिशोबांत पाठीवरच्या पिशवीला जितकी जागा आहे, तितकी मागें बसणाऱ्या माणसाला नाहीं. दम्यानें बेजार झालेली आजी, दिवस भरत आलेली सून, तान्हें मूल, ह्यांना कोणत्या प्रकरणांत बसवावें? २०२० च्या टाळेबंदींत पंधरा वर्षांची एक मुलगी जखमी बापाला सायकलीच्या मागें बसवून गुरगांवाहून बिहारांत दरभंग्याकडे सुमारें १२०० किलोमीटर घेऊन गेली. वेग आणि अंतर ह्यांच्या कोष्टकांत तो बाप निव्वळ ओझें ठरतो. त्याला मागें टाकून केलेल्या प्रवासाला मात्र कांहीं अर्थ उरला नसता.

नवल हें कीं, ह्या आक्षेपाचें उत्तर त्याच लेखकाच्या 'वर्ल्ड वॉर झी' (२००६) ह्या कादंबरींत सांपडतें. जगभरच्या वांचलेल्या लोकांच्या मुलाखती असें तिचें रूप आहे, आणि त्यांतली एक गुजरातेंतील अलंगची आहे. जहाजें मोडण्याच्या त्या किनाऱ्यावर पळून आलेली माणसें मोडींत निघालेल्या जहाजांवर चढूं पाहतात, आणि वर कोणाला घ्यावयाचें हें कोठें पैशावर, कोठें कातडीच्या रंगावर, तर कोठें जातीवर ठरतें. नियमावलींत ज्याला स्थान नव्हतें तो प्रवासी येथें पाण्यांत उभा राहून वर पाहत आहे. परदेशी लेखकाचें हें प्रकरण परकें वाटत नाहीं, ह्याचीच आम्हांस शरम वाटली.

येऑन सांग-हो ह्या कोरियन दिग्दर्शकाच्या 'ट्रेन टु बुसान' (२०१६) ह्या बोलपटानें हाच प्रश्न आगगाडींत आणला आहे. गाडी वेगवान आहे आणि डबा सुरक्षित आहे. प्रेतांनीं भरलेल्या डब्यांतून झुंजत आलेल्या उतारूंना मात्र आंतले लोक दार उघडीत नाहींत. ते कसेबसे आंत शिरले तर त्यांना दूर लोटतात. मग एक म्हातारी उठते. दुसऱ्या बाजूच्या कांचेपलीकडे तिला आपली बहीण दिसते, ती आतां त्या प्रेतांपैकींच एक झालेली. आणि म्हातारी शांतपणें तें दार उघडते.