भोपळ्याचे तोंड आणि कारिटाचा कडूपणा

सन २०२४ मधील ३१ ऑक्टोबरच्या दिवशी आमच्या घरी एक चमत्कारिक योग आला. पहाटे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान झाले आणि त्याच रात्री आमच्या तेरा वर्षांच्या कन्येने ‘हॅलोवीन’ची पंगत मांडली. लक्ष्मीपूजन त्या सायंकाळी करावे की दुसऱ्या दिवशी, याविषयी त्या वर्षी पंचांगकर्त्यांत एकवाक्यता नव्हती. आम्ही दुसरा दिवस धरला, म्हणून ती सायंकाळ मोकळी सापडली आणि कन्येने ती काबीज केली. देपालपूर हे इंदूर जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. येथे आयर्लंडातील भुते कोणत्या वाटेने आली, असा प्रश्न वाचकांनी विचारू नये. ज्या वाटेने नूडल्स आले, त्याच वाटेने तीही आली.

एकाच स्वयंपाकघरातून, एकाच दिवशी, अशी दोन जेवणे निघाली की ज्यांतील प्रत्येक पदार्थ एका कथेशी बांधलेला होता. दोन्हींत भय होते, दोन्हींत एक फळ फोडले गेले, दोन्हींत मुलांची धावपळ होती. मी वकिली करणारा मनुष्य आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे एका बैठकीत ऐकावयास मिळाले की निकाल लिहिण्याचा मोह होतोच. शिवाय नाटकाचे आणि कादंबरीचे परीक्षण आपण हौसेने करतो. ताटाचे का करू नये, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

रात्रीचे ताट प्रथम घेतो. मध्यभागी लाल भोपळा होता. त्याचा गर काढून, डोळे, नाक आणि दात कोरून आत पणती ठेवली होती. बिटाच्या सारास ‘रक्त’ असे नाव होते. इडल्यांना शेवयांच्या पट्ट्या गुंडाळून त्यांची इजिप्तमधील प्रेते केली होती आणि दोन दोन मिरे टोचून त्यांना डोळे दिले होते. नानकटाईच्या पिठाची लांबट बोटे भाजून त्यांना बदामाची नखे लावली होती. नूडल्स म्हणजे अर्थातच गांडुळे. ताकाला जे नाव दिले होते ते मी येथे लिहीत नाही. दिवाळीसाठी अंत्रुजाहून आलेल्या आमच्या सासूबाईंनी ते ऐकताच आपला पेला पालथा घातला.

गुण असेल तो मान्य केला पाहिजे. शेजारच्या तीन मुलींना हाताशी धरून कन्येने दुपारभर हे काम केले, आणि कोणी रागे भरल्यावाचून केले. बोटे खुसखुशीत होती. भोपळ्याचे दात एकसारखे नव्हते, आणि त्यामुळेच त्याला काही मुद्रा आली होती. दोष निराळाच होता. ती सारी भीती पदार्थांच्या कातडीवर होती. साराला रक्त म्हटल्याने त्याची चव रतिभरही बदलली नाही. ते मुकाट्याने आंबटगोड सारच राहिले. इडलीचे प्रेत झाले तरी चटणीवाचून ते घशाखाली उतरेना. ताट डोळ्यांनी एकदा वाचून झाले की विषय आटोपला. जिभेला त्यात काही कामच उरले नव्हते. पडदा वर जाताच संपणाऱ्या नाटकाला आपण टाळ्या देतो त्या नेपथ्यकाराला, आणि तेवढ्याच मी दिल्या.

मात्र हा दोष त्या सणाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे त्या दिवशी आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले आणि मेणबत्त्या घेऊन जातात, हे तेथील वाचक जाणतात. ३१ ऑक्टोबर ही त्याची आदली रात्र. त्याहूनही मागे, केल्टिक लोकांत सुगी संपून हिवाळा लागण्याच्या या संधीला गेलेली माणसे घराकडे फिरकतात अशी समजूत होती. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात ते अमेरिकेस गेले तेव्हा त्यांना तेथे भोपळा सापडला, जो मोठाही होता आणि कोरावयास सोपाही. आपला लाल भोपळादेखील मूळचा त्याच खंडातला, हे ध्यानात घेतले म्हणजे परक्या फळाविषयी तक्रार करण्यास तोंड उरत नाही.

आयर्लंडात त्या रात्री मनुकांचा एक पाव करीत आणि त्यात अंगठी लपवीत. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याचे लग्न वर्षाच्या आत होणार. इंग्लंडात गोरगरीब आणि मुले दारोदार जात. घरवाले त्यांना एक लहानशी गोड पोळी देत आणि त्या पोळीच्या बदल्यात ते त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. कराराच्या कायद्यात ज्याला प्रतिफल म्हणतात ते येथे उभय बाजूंनी स्पष्ट आहे. पुढे अमेरिकेत प्रार्थना गळाली आणि ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ एवढेच राहिले. याला जुन्या दंडसंहितेत कलम ३८३ होते, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८ आहे. अपराधाचे नाव बलाद्ग्रहण, साध्या भाषेत खंडणी. मुले अज्ञान असल्याने सुटतील, इतकेच.

सांगावयाचे ते हे की त्या पावातली अंगठी आणि ती पोळी ही खाण्याची वस्तू असून कथेत काम करीत होती. आमच्या टेबलावर आले ते तिचे चित्र.

आता सकाळकडे वळू. गोव्यात आदल्या रात्री गल्लोगल्ली गवताचे आणि कागदाचे नरकासुर उभे राहतात; मुले रात्रभर जागतात आणि पहाटेपूर्वी त्यांना जाळतात. (अलीकडे तेथे बक्षिसांच्या स्पर्धा आणि कर्णे इतके माजले आहेत की कृष्णापेक्षा असुराचाच उत्सव वाटावा, पण तो आजचा विषय नव्हे.) मग घरी उटणे, तेल आणि ऊन पाणी. स्नानानंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडावयाचे. ते लहानसे हिरवे फळ म्हणजे असुर. त्याचा कडू रस जिभेला लावावयाचा. आणि मग फोव: दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गूळ-खोबऱ्यात कालवलेले, तिखट फोडणीचे, जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ. नुकत्याच आलेल्या भाताचे ते पोहे, म्हणून त्यांची एवढी मिजास.

टीकाकाराच्या दृष्टीने पाहिले तर या रचनेत एकही पदार्थ दुसऱ्या कशाचे सोंग घेत नाही. कारिटावर कोणी नरकासुराचे डोळे काढीत नाही. ते फळ असुर ठरते ते आपल्या कडूपणाने. आणि तो कडूपणा पाहून कळत नाही, जिभेवर घ्यावा लागतो. आधी कडू, मग गोड, हा क्रम उलटा करून पाहा. कथा जागच्या जागी मोडते. आषाढी अमावास्येला कणकेचे गोड दिवे करतात, त्यातही हेच आहे. दिवा पेटतो, त्याने ओवाळतात, आणि मग मुले तोच दिवा तुपात बुडवून खातात. त्याच तिथीचा अलीकडचा दुसरा लौकिक वाचकांस ठाऊक आहे. तो मी सोडून देतो.

इतके लिहून झाल्यावर निकाल आमच्या बाजूने लागला असे वाटेल. तो लागत नाही. देपालपुरात कारीट मिळाले नाही, म्हणून मी कारल्याचा एक तुकडा पायाखाली घेतला. नारळाचा रस डब्यातला होता. फोवांचे पाच प्रकार सासूबाईंनी केले, पण त्यांच्या शेजारी इंदुरी रिवाजाप्रमाणे शेव, जिरावण आणि जिलेबी येऊन बसली आणि पाहता पाहता तिनेच सभा जिंकली. हेही क्षम्य आहे. क्षम्य नाही ते असे: कन्येने मला विचारले, “बाबा, हे पायाखाली का चिरडायचं?” आणि मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, “पद्धत आहे.” असे उत्तर माझ्या उलटतपासणीत एखाद्या साक्षीदाराने दिले असते तर मी त्याची काय गत केली असती, हे येथील बारला माहीत आहे. पहाटे उत्तर न मिळालेली मुलगी रात्री दुसऱ्याच्या कथेत शिरली. तिच्यावर परधर्माच्या अनुकरणाचा आरोप ठेवावयास मी साक्षीदार म्हणूनही नालायक होतो.

वास्तविक ज्या माळव्यात आम्ही राहतो तेथे मृतांच्या दिवसांत मुलांना खेळण्याची उत्तम सोय आहे. पितृपक्षात येथील कुमारिका भिंतीवर शेणाची संजा मांडतात, फुलांच्या पाकळ्यांनी ती सजवितात, रोज नवी आकृती. शेवटी किलाकोट आणि मग विसर्जन. सायंकाळी गाणी होतात आणि प्रसाद झाकून आणतात. तो काय आहे हे बाकीच्या मुलींनी ताडावयाचे! आमच्या मराठी घरांतील भोंडल्याच्या खिरापतीचा न्याय हाच. डबा हलवून पाहावयाचा, वास घ्यावयाचा, गोड की तिखट ते विचारावयाचे. ओळखता न येणारी खिरापत करील ती आई श्रेष्ठ. येथे पदार्थ जितका लपेल तितका रंगतो, आणि आमच्या त्या रात्रीच्या पंगतीत सर्वच काही कोरून, रंगवून, नाव घालून समोर मांडलेले होते. कन्या संजा मांडावयास कधी बसली नाही. आमच्या घराला तिच्या जन्मापूर्वीच गुळगुळीत रंग लागला आहे, आणि त्यावर शेण नको असे म्हणणारा मीच.

भोपळ्याचेही तसेच. मराठी मुलाच्या भोपळ्यात भूत नसते. त्यात एक म्हातारी बसलेली असते, लेकीकडे तूपरोटी खाऊन धष्टपुष्ट झालेली आणि वाघाला चकवून घराकडे निघालेली. कोरलेला भोपळा पाहून मला ती आठवली, पण सांगावयास उशीर झाला होता. आणि फळ पोखरून त्यात अग्नी ठेवण्याची विद्या तर आमच्या तहसिलीने आयर्लंडला शिकवावी. येथून जवळच्या गौतमपुऱ्यास दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोटाची फळे पोखरून, वाळवून, दारूने भरून, तुर्रा आणि कलंगी हे दोन पक्ष ती पेटवून एकमेकांवर फेकतात. दरवर्षी माणसे भाजतात. माझ्या धंद्यामुळे मी त्याची प्रशंसा करू शकत नाही. पण तेथे हजारोंनी जाणारे आपण, एका पणतीच्या भोपळ्याला भ्यावे हे विनोदी आहे.

एक गोष्ट मी मागे ठेवली आहे. त्या रात्री टेबलाच्या टोकाला एक वाटी वेगळी होती. तीत साबुदाण्याची खीर होती. तिला डोळे नव्हते, नखे नव्हती, चिठ्ठीवर नाव नव्हते. मी परीक्षकाच्या आवेशात विचारले, “आणि हे कोणतं भूत?” कन्या म्हणाली, “काही नाही, बाबा. ती माईची आहे.”

माई म्हणजे माझी आई. ती २०२३ मध्ये गेली. २०२४ च्या पितृपक्षात तिच्या तिथीला मला कोर्टाचे काम होते, म्हणून ताट बाहेरून मागविले. त्यात शास्त्राप्रमाणे सर्व होते: खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी. कावळ्याचे पान ठेवून झाले तेव्हा कन्या परीक्षेहून परतलीही नव्हती. या रात्री गेलेली माणसे येतात असे तिने कोठे तरी वाचले आणि तिने तो धागा धरला. मी खीर चाखली. तीत वेलदोडा नव्हता. सासूबाई इतका वेळ पालथ्या पेल्याशी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “तिका वेलची आवडनाशिल्ली.” मला हे ठाऊक नव्हते. सत्तेचाळीस वर्षांत ते माझ्या ध्यानी आले नव्हते, आणि बाहेरून आलेल्या ताटातल्या खिरीला वेलदोड्याचा घमघमाट होता, हे मात्र त्या क्षणी स्पष्ट आठवले. सबंध पंगतीत ज्या पदार्थाला वेष नव्हता, तोच एकटा विषयाला धरून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी भोपळ्याच्या काढलेल्या गराचे घारगे केले. कोरलेले तोंड गाईने खाल्ले. तळणीपाशी बसून मी प्राग्ज्योतिषपुराची गोष्ट सांगितली: नरकासुराचे बंदिवान, सत्यभामेचे रथावर चढणे, आणि मुलाच्या मृत्यूचा दिवस लोकांनी दिवे लावून साजरा करावा हे मागणे. शेवटचे ऐकून कन्या बराच वेळ घारगे उलटत राहिली.

२०२५ मध्ये नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला आली, त्यामुळे दोन्ही पंगतींत अकरा दिवसांचे अंतर पडले आणि स्वयंपाकघरावर ताण पडला नाही. सासूबाईंनी येताना अंत्रुजातून कागदात गुंडाळून सात कारिटे आणली; दोन वाटेतच मऊ पडली. कन्येने आपले कारीट स्वतः फोडले आणि बोट भरून रस जिभेला लावला. तेव्हा तिचे जे तोंड झाले, तसे कोणत्याही भोपळ्यावर कोरलेले मी पाहिलेले नाही.