निबंधगद्यातील पादपूरण : कुंभकोणमच्या संदर्भात

मराठी व्याकरण ज्यांना पालुपदे म्हणते ते ‘आपले’, ‘बेटे’, ‘म्हणे’ यांसारखे शब्द बोलण्यात सहज खपतात. निबंधात त्यांची जागा ‘या ठिकाणी’, ‘खऱ्या अर्थाने’, ‘असे म्हणता येईल की’ या प्रयोगांनी घेतली आहे. असे शब्द गाळावेत, हा उपदेश सर्वपरिचित आहे. निरर्थक कोणता हे ठरवावे कसे, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

यास्काने ‘कम्’, ‘ईम्’, ‘इत्’, ‘उ’ हे निपात अर्थहीन मानले. तरी छंदोबद्ध रचनेत असे शब्द पाद पूर्ण करतात आणि गद्यात वाक्य, असे त्यांचे कार्यही सांगितले. तोल्काप्पियममध्ये ‘असैनिलै’ आणि लय भरून काढणारे ‘इसैनिरै’ असे दोन वर्ग आढळतात. अर्थ नाही म्हणून कार्यही नाही, असे दोन्ही परंपरा मानत नाहीत. पादाची पूर्तता अक्षरांनी मोजता येते. वाक्याची पूर्तता मोजण्यास असे माप नाही.

या अडचणीत पवणंदी मुनींचे ‘नन्नूल’ उपयोगी पडते. ग्रंथाच्या दहा दोषांत ‘कुन्रक्कूरल’ (उणे सांगणे) पहिला, ‘मिगैपडक्कूरल’ (अधिक सांगणे) दुसरा. दहा गुणांत ‘सुरुंगच्चोल्लल’ (थोडक्यात सांगणे) पहिला आणि लगेच ‘विळंगवैत्तल’ (स्पष्ट करणे) दुसरा. संक्षेपाला स्पष्टतेची जोड हवी, हे या क्रमातून सूचित होते. ‘नन्नूल’ची मयिलैनादरकृत टीका १९१८ साली संपादून प्रसिद्ध करणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर १८८० ते १९०३ या काळात कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात तमिळचे अध्यापक होते.

त्याच महाविद्यालयात १९०४ साली दाखल झालेल्या श्रीनिवास रामानुजन यांची शिष्यवृत्ती इंग्रजी निबंधलेखनातील अपयशामुळे गेली. बर्नुली संख्यांवरील त्यांच्या १९११ च्या लेखासंबंधी, पद्धती नवी पण अतिसंक्षिप्त, आणि मांडणी सामान्य वाचकास दुर्बोध, असा अभिप्राय नियतकालिकाच्या संपादकांनी नोंदविला. प्रतिभा असामान्य असली तरी वाचकाला लागणारा दुवा गाळला की उणे सांगण्याचा दोष घडतो, याचे हे उदाहरण होय.

मराठी गद्याला हीच कसोटी लावता येते. ज्ञानेश्वरीपासून चालत आलेल्या ‘असो’चा शब्दार्थ जवळजवळ विरला आहे, पण एक प्रतिपादन संपल्याची खूण तो देतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’तील (१८७४–१८८१) दीर्घ वाक्यांमधले ‘तेव्हा’, ‘परंतु’ काढल्यास युक्तिवादाचे सांधेच निखळतात. ‘त्यानेच’ यातील एकाक्षरी ‘च’ गाळला तर विधान बदलते. ‘असे म्हणता येईल की’ हे सबंध उपवाक्य गाळले, तर बहुधा अर्थाची हानी होत नाही. मात्र विधान कोणाचे, हे झाकणारा पडदा दूर होतो. लेखकाला खरोखर संशय असेल, तर तो कशाविषयी आहे हे त्याने लिहावे. भरतीचे शब्द गाळण्यास लेखक का कचरतो, याचे कारणही येथेच सापडते: ते गेले की विधानाची जबाबदारी त्याच्याकडे येते.