मधल्या मुक्कामाचे साहित्य

आजारपण हा साहित्याचा जुना विषय आहे. तरीही आजारी माणसाच्या कथेला आपण दोनच शेवट मान्य केलेले दिसतात. एक, तो खडखडीत बरा होऊन घरी येतो आणि सगेसोयरे ईश्वराचे आभार मानतात. दुसरा, तो शांतपणे डोळे मिटतो आणि वाचकाचे डोळे ओले होतात. या दोन शेवटांच्या मधे महिनोन्महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे पसरलेला एक प्रदेश असतो. तपासण्या, प्रतीक्षा, थोडे बरे वाटणे, पुन्हा तपासण्या आणि ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न. हा प्रदेश लेखक सहसा एका परिच्छेदात ओलांडून जातात. प्रस्तुत लेखात या मधल्या मुक्कामाविषयी काही विचार मांडायचा आहे. निमित्त मूत्राशयाच्या कर्करोगाचे आहे. कारण माणसाला या मुक्कामात इतका दीर्घकाळ अडकवून ठेवणारे आजार थोडे. शिवाय हा आजार माझ्या थोरल्या बंधूंच्या रूपाने आमच्या घरी वस्तीला आला होता, हेही वाचकांपासून लपवणे बरे नव्हे.

कर्करोगाची जी प्रतिमा आपल्या पिढीच्या मनावर ठसली, ती पुष्कळ अंशी १९७१ सालच्या ‘आनंद’ या हिंदी चित्रपटाने घडवलेली आहे. हृषीकेश मुखर्जींच्या या चित्रपटाचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट खटकते. नायकाला आतड्यांचा कर्करोग आहे, आणि तरीही पडद्यावर आतड्यांचा कसलाच व्यवहार नाही. त्याने कोणता उपचार घ्यावा, कोणता नाकारावा, हा प्रश्न कथेत उभाच राहत नाही. निर्णय नियतीने आधीच घेऊन टाकलेला आहे. नायकाच्या हाती उरते ते फक्त हसत जाणे. अशा कथेत रुग्ण वंदनीय होतो, पण कर्ता होत नाही.

याच्या उलट टोकाला टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ सालची दीर्घकथा आहे. इव्हान इलिच न्यायाधीश आहे. तो डॉक्टरांकडे जातो तेव्हा डॉक्टर तरंगत्या मूत्रपिंडाची आणि आंत्रपुच्छाची विद्वत्तापूर्ण चर्चा करतात. त्याचा प्रश्न साधा असतो: हे गंभीर आहे की नाही? त्याला उत्तर मिळत नाही. आणि आपण न्यायालयात आरोपींशी ज्या थाटात वागत आलो, नेमक्या त्याच थाटात हा गृहस्थ आपल्याशी वागतो आहे, हे त्याच्या ध्यानात येते. टॉलस्टॉयची थोरवी एवढ्यावर थांबत नाही. रुग्णाच्या मलमूत्राची व्यवस्था दुसऱ्याला करावी लागते, त्या वेळी त्याला होणारी लाज त्याने निःसंकोच लिहिली. ते काम करणारा गेरासिम हा तरुण शेतकरी नोकर, हीच त्या कथेतील एकमेव निरोगी व्यक्ती ठरते, कारण तो खोटे बोलत नाही. कथेच्या उत्तरार्धात इव्हान इलिच पापनिवेदन करतो, ख्रिस्तप्रसाद घेतो आणि त्याला क्षणभर हलके वाटते. परंतु पत्नी येऊन सांत्वनाचे ठरावीक बोल बोलते आणि भोवतालचे असत्य पुन्हा त्याचा गळा आवळते. संस्काराने दिलेला दिलासा घरातल्या खोटेपणाने हिरावून घेतला, हे टॉलस्टॉयचे निरीक्षण धर्मनिष्ठ वाचकांनीही विचारात घेण्याजोगे आहे.

लाजेचा हा मुद्दा पुढे सुझान सोंटॅग यांनी १९७८ सालच्या ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या पुस्तकात सैद्धांतिक पातळीवर नेला. क्षयरोग फुप्फुसांचा, म्हणजे शरीराच्या वरच्या, जणू आत्मिक भागाचा. म्हणून कवींना तो प्रिय. कर्करोग मात्र उच्चारायला संकोच वाटावा अशा अवयवांना गाठतो, असे त्या दाखवून देतात. आणि त्या अवयवांच्या यादीत त्यांनी मूत्राशयाचे नाव घेतले आहे. आजाराला रूपक बनवू नका, रुग्णाच्या स्वभावात त्याचे कारण शोधू नका, हा त्यांचा आग्रह. तो किती योग्य होता, हे मूत्राशयाच्या बाबतीत लगेच पटते. १८९५ साली लुडविग रेन या जर्मन शल्यवैद्याने रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये हा रोग आढळल्याचे नोंदवले. आज आपण जाणतो की या रोगाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असते. धुरातील विषारी द्रव्ये रक्तातून मूत्रात उतरतात आणि मूत्राशयाच्या अस्तराशी तासन्‌तास राहतात. यात दडपलेल्या भावना नाहीत, पूर्वजांचे पाप नाही. विडी आहे, सिगारेट आहे, रसायन आहे; आणि पुष्कळदा बोट दाखवता येईल असे काहीच नाही.

परंतु सोंटॅग यांच्या मांडणीला इतिहासाने एक विलक्षण पुरवणी जोडली आहे. त्यांच्या पुस्तकाच्या दोनच वर्षे आधी, १९७६ मध्ये, मोरालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीसीजीची लस मूत्राशयात सोडून तिथल्या कर्करोगावर उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. बीसीजी म्हणजे आपल्या दंडावर व्रण ठेवून गेलेली क्षयाची लस, त्याच जातकुळीतला दुबळा केलेला जिवाणू. कवींच्या लाडक्या रोगाचा हा दूरचा नातलग आज त्या संकोचाच्या अवयवात उतरून तिथली प्रतिकारशक्ती जागी करतो. रूपके मोडायला निघालेल्या लेखिकेला याहून बोलके उदाहरण मिळाले नसते.

हा उपचार प्रत्यक्षात कसा असतो, हे साहित्यात मला कुठे वाचायला मिळाले नाही. घरात पाहायला मिळाले. दादांना लघवीतून रक्त गेले, दुखले मात्र काहीच नाही. बीट खाल्ले असेल, असे म्हणून त्यांनी दोन महिने दवडले. न दुखता जाणारे रक्त हीच या रोगाची नेहमीची पहिली खूण, हे आम्हांला नंतर कळले. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. अहवाल आला: पेशी आक्रमक, रोग अस्तराखालच्या थरात शिरलेला, स्नायूपर्यंत मात्र पोहोचलेला नाही. या आजारात सारा खेळ त्या स्नायूच्या थरापाशी असतो. निदान होते तेव्हा चारांपैकी सुमारे तीन रुग्णांत रोग त्याच्या अलीकडे असतो. तो पलीकडे गेला की मूत्राशय काढणे, अथवा निवडक रुग्णांत किरणोपचार आणि औषधे यांच्या साह्याने ते वाचवणे, हे प्रश्न उभे राहतात. अलीकडे असला तर मूत्राशय राखता येते, पण रोग परत येण्याची खोड मोठी. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा खरवडून खात्री केली आणि मग आठवड्यातून एकदा असे सहा वेळा बीसीजी दिले. नळीवाटे औषध आत सोडायचे, दोन तास धरून ठेवायचे, घरी बसून लघवी करायची आणि शौचकूपात ब्लीच ओतायचे. जळजळ, दर अर्ध्या तासाला धाव, संध्याकाळी कसकस. शिक्षकी पेशात चाळीस वर्षे ताठ मानेने उभा राहिलेला माणूस शौचालयाच्या दारापाशी खुर्ची टाकून बसू लागला.

तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. गाठ नव्हती, पण अस्तरावर रोगाचा एक चपटा पट्टा उरला होता. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. बीसीजीची आणखी एक फेरी घ्यावी. कित्येकांना तिचा गुण येतो, पण न आला तर रोगाला पुढे सरकायला अवधी मिळतो. किंवा आताच मूत्राशय काढावे. रोगापुरता हा मार्ग अधिक खात्रीचा, पण शस्त्रक्रिया मोठी आणि तिच्यानंतरचे जगणे वेगळे. त्या वाटेलाही दोन फाटे होते. आतड्याच्या तुकड्यातून पोटावर मूत्रमार्ग काढून बाहेर पिशवी लावणे, किंवा आतड्याचेच नवे मूत्राशय शिवणे. नव्या मूत्राशयाला भरल्याची जाणीव नसते. घड्याळ लावून, रात्रीसुद्धा उठून, ते रिकामे करायला शिकावे लागते.

हे सारे डॉक्टरांनी सांगितले ते मला आणि पुतण्याला, बाहेरच्या खोलीत. दादा आत कपडे घालत होते. आम्ही दोघांनी मान डोलावली आणि घरी आल्यावर आवाज खाली आणून चर्चा केली. तिसऱ्या दिवशी दादांनी मला बोलावले आणि म्हणाले, “तू टॉलस्टॉय शिकवतोस ना रे?” एवढेच. त्यांनी ती कथा माझ्याच कपाटातून घेऊन वाचली होती. इतकी वर्षे वर्गात मी ज्या असत्याची चिकित्सा करत होतो, ते मी स्वतःच्या घरात तीन दिवस सुखेनैव वागवले होते. या लेखाचे खरे कारण ते वाक्य आहे.

निर्णयाचा प्रश्न ज्या कृतीने सरळ हाताळला, ती मार्गारेट एडसन यांची ‘विट’ ही नाट्यकृती. १९९५ मध्ये ती प्रथम रंगमंचावर आली आणि १९९९ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. नायिका व्हिव्हियन बेअरिंग ही जॉन डनच्या काव्याची प्राध्यापिका. बीजकोशाच्या पसरलेल्या कर्करोगावर तीव्र उपचारांना ती संमती देते, परंतु ती संमती शब्द ऐकून दिलेली आहे, अर्थ कळून नव्हे. पुढे एका रात्री सूझी ही परिचारिका तिच्यासोबत बर्फाची कांडी चोखत बसते आणि सोप्या भाषेत विचारते: हृदय थांबले तर ते पुन्हा चालू करायचे का? नाटकातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय अलंकारांविना, गोड बर्फाच्या चवीसोबत होतो. एडसन यांनी इथे शैलीविषयीच एक विधान केले आहे. निर्णय घ्यायला लागणारी भाषा विद्वत्तेची नसते. समोरच्याला उत्तर देण्याइतकी उसंत देणारी असते.

मात्र रुग्णाला सत्य सांगणे हा सर्वांना लागू पडणारा नियम, असे म्हणावे तर सोंटॅग यांचेच आयुष्य आडवे येते. त्यांचे पुत्र डेव्हिड रीफ यांनी २००८ साली आईच्या अखेरच्या आजारावर पुस्तक लिहिले. रूपकांचा निरास करणाऱ्या या लेखिकेला २००४ मध्ये, रक्ताच्या कर्करोगात, मृत्यूचा विषयही नको होता. त्यांनी अस्थिमज्जारोपणाचा कठोर उपचार पत्करला, आणि तो फसला. मुलाने त्यांना हवी ती आशा पुरवली आणि मागे उरलेल्याची टोचणी प्रामाणिकपणे कागदावर उतरवली. हे वाचून मुलाला दोष द्यावासा वाटत नाही. ‘मला सांगू नका’ हाही रुग्णाचा निर्णय असू शकतो. फरक इतकाच, की तो तिचा होता. आम्ही दादांच्या वतीने घेऊन टाकला तसा नव्हता.

त्यानंतर दादांनी शाळेची जुनी वही काढली. पानाच्या मधोमध रेघ मारली. त्यांचे प्रश्न कोणत्याही समीक्षकाने टिपून ठेवावेत असे होते. काढलेल्या तुकड्यात स्नायू होता का, की तो न पाहताच ‘पोहोचलेला नाही’ म्हटले? काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतील का? माझे मूत्रपिंड कसे आहे? उद्या हात थरथरू लागले तर पिशवी कोण बदलील? शस्त्रक्रियेने पतिपत्नीच्या नात्यात काय बदलेल? हा शेवटचा प्रश्न त्यांनी वहिनींसमोर विचारला. वहिनी उठून गेल्या नाहीत. काचपट्ट्या दुसरीकडे दाखवल्या, अहवाल तोच आला. दादांनी मूत्राशय काढण्याचे ठरवले आणि पिशवीची बाजू घेतली. “रात्री घड्याळ लावून उठायला मी आता विद्यार्थी नाही,” असे म्हणाले. शेजारच्या गावातील एका गृहस्थांनी याच टप्प्यावर बीसीजीची दुसरी फेरी घेतली आणि ते आजही स्वतःच्या मूत्राशयासह चर्चला येतात. दोघेही शहाणे आहेत.

यावरून आपल्या लेखकांकडे एक मागणे करावेसे वाटते. आजाराला लढाई म्हणू नका. लढाईत मागे फिरणारा भ्याड ठरतो, आणि उपचारात तर कधी मागे फिरणे हाच विवेक असतो. रुग्णाला संत करण्याची घाई करू नका. ती वही लिहा. पिशवी पहिल्यांदा गळाली तेव्हा रात्री दोन वाजता चादर कुणी बदलली, ते लिहा. लघवी, पिशवी, नळी हे शब्द साहित्यात आणा, म्हणजे ते आमच्या घरात उच्चारता येतील आणि रक्त दिसल्यावर कुणी दोन महिने दवडणार नाही.

दादांच्या शस्त्रक्रियेला आता चार वर्षे झाली. तपासण्या चालू आहेत, म्हणजे मधला मुक्काम संपलेला नाही. मागच्या नाताळात मी त्यांना विचारले, निर्णय बरोबर होता असे वाटते का? ते करंज्यांचे ताट माझ्याकडे सरकवत म्हणाले, “दुसरी वाट कुठे गेली असती, ते कोणाला ठाऊक? शेवटी विचारले तुम्ही मला, एवढे लक्षात आहे.”